वटवाघळाची बोली

गुरुवारी तक्ता पूर्ण आणि शुक्रवारपासून आठ दिवस रजा, असं आक्कांनी प्रयोगशाळेत छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. तीन वर्षं त्या एकाच कामाला जुंपलेल्या. जनुकांत एकाच अर्थाचे अनेक तीन अक्षरी शब्द असतात, त्यांना कोडॉन म्हणतात. जसं कोणी ‘बायको’ म्हणतो, कोणी ‘मंडळी’, कोणी ‘कुटुंब’. घरातलं माणूस तेच. कोणत्या जिवाच्या तोंडी कोणता शब्द बसला आणि ही आवड उत्क्रांतीत कशी बदलत गेली, हे दोनशे जिवांबाबत मोजताना आक्कांच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला.

शेवटी तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून त्यांनी नावं अकारविल्हे लावली आणि घरी गेल्या.

गुरुवारी सकाळी पाहतात तर वटवाघळाची बोली थेट यीस्टशी जुळत होती! कुठेतरी घोळ असणार, असं त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगितलं. सर म्हणाले, घोळ कसला, शोध आहे हा. आणि आक्का चहा घेऊन येईपर्यंत संचालकांना कळवून मोकळे झाले. संचालकांनी आक्कांचं व्याख्यान ठेवलं. रजा बोंबलली. आक्कांनी आकडे तीनदा तपासले. आकडे बरोबरच होते. मग दोन आठवडे त्या कारणं जुळवत बसल्या. वटवाघूळ फळं खातं, यीस्ट फळांवर वाढतं, शेजाराने बोली लागली असेल. दमलेल्या माणसाला काहीही पटतं.

व्याख्यानाला सभागृह भरलं. माश्यांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या एक निवृत्त बाई मागून उठल्या.

“या दोन माश्या सख्ख्या बहिणींसारख्या. मग त्यांच्या बोलीत एवढं अंतर कसं?”

आक्कांनी पडद्यावरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि घोळ त्यांच्या ध्यानात आला. नावं हलली होती, आकडे जागेवरच राहिले होते. पुढच्या रांगेतून सर वेळ मारून न्यायला खुणावत होते. पण आणखी एक कारण शोधायचं त्राण आक्कांत उरलं नव्हतं.

“बाई, मी फक्त नावांचा रकाना क्रमाने लावला. मोजणी खरी आहे. प्रत्येकाच्या दारावर दुसऱ्याची पाटी लागलीय, एवढंच.”

सभागृहात खसखस पिकली. सर पाण्याचा पेला शोधू लागले. आक्का खाली बसल्या. नोकरी गेली तर गेली, निदान झोप तरी मिळेल, असं त्यांना वाटलं.

नोकरी गेली नाही. संचालकांनी भर सभेत त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि यापुढे संस्थेतला प्रत्येक तक्ता आक्काच तपासतील असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मेजावर हातभर गठ्ठा होता. सगळ्यात वर सरांचा तक्ता. आक्कांनी चष्मा पुसला, तक्ता उचलला आणि गठ्ठ्याच्या पार तळाशी सरकवला.