कामावरचा कप

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात खोडके सरांना चहाला बोलावलं की आपलाच चहा शांतपणे पिता येत नाही. आपण कप खाली ठेवला रे ठेवला की सर त्यावर तळहात धरतात आणि म्हणतात, "उष्णता वाया चालली, भाऊ." मग चटके सोसत तो संपवावा लागतो.

सर भूगोल शिकवायचे. मागच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या आणि ते एकटे पडले. अमरावतीला दिलेल्या त्यांच्या मुलीने, संगीताने, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम शेजारी म्हणून माझ्यावर सोपवलं. माणूस तिने बरोबर निवडला. मी दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय दूधवाल्याला जाऊ देत नाही.

सरांनीही संशयाला काही कमी पडू दिलं नाही. घरात लहान मूल नसताना फुगे आणले. थर्माकोल आणलं. घरोघरी जुन्या सीडी मागितल्या, वर "गाणे कोनतेबी चालतीन" म्हणाले. रोज दुपारी चारला दार लावून घ्यायचे. आतून टकटक ऐकू यायची, मधूनच सरांचं बोलणं. आणि नंतर ओट्यावर धुतलेले दोन कप पालथे घातलेले असायचे. एकटा माणूस आणि कप दोन! येणारी दिसत नाही, जाणारी दिसत नाही, म्हणजे ती मागच्या दारानेच येत असणार, हे मी ताडलं. त्या घराला मागे दारच नाही, असं माझी बायको म्हणाली. पण संशयाला दार लागत नाही.

हे सगळं मी संगीताला कळवत होतोच. शेवटी तिचा फोन आला. "काका, बाबाचं काही खरं दिसून नाही राह्यलं. तुमी एकडाव पाहून या. तसं असन तर घराले कुलूप लावून त्यायले इकडंच आनते."

मी बरोबर चारला कडी वाजवली. सरांनी दार उघडलं. मी पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. कोणीच नव्हतं.

टेबलावर दोन कप होते. एकावर चपटा डबा बसवला होता, डब्यावर ओलं फडकं, आणि शेजारी तारेवर एक सीडी गरगर फिरत होती. खालून चहाने डब्यातली हवा तापते, वर फडक्याने निवते, फुग्याचं रबर खाली-वर होतं आणि सीडी फिरते, असं सरांनी समजावलं. याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात म्हणे. अकोल्याच्या उन्हात वरची बाजू थंड ठेवण्यातच त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

मी सवयीने त्या कपाकडे हात नेला.

"तो नका घेऊ. तो कामावर हाये."

वहिनींनी जन्मात कधी गरम चहा घेतला नाही. ओतून ठेवायच्या, हातातलं काम आवरायच्या आणि मग गारढोण प्यायच्या. त्यावरून लग्नापासून दोघांचं वाजायचं. त्यांना चिडवायला म्हणूनच सरांनी हे इंजिन करायला घेतलं होतं. त्या होत्या तोवर ते काही फिरलं नाही.

"तुह्या कपावर फिरवून दाखवतो, म्हटलं होतं तिले," सर म्हणाले. "आता फिरते. म्हनून फिरते तोवर तिच्याशी बोलतो."

पलंगाखाली वाकल्याची मला लाज वाटली.

"संगीताले काय सांगसान?" सरांनी विचारलं. म्हणजे माझी हेरगिरी त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती.

"सांगतो, बाबा अठी घरीच बरे हायेत."

सीडी मंदावत थांबली. सरांनी डबा बाजूला काढून ठेवला, आणि तो गारढोण चहा घोट घोट करत सगळा प्यायले.