वाल्मीकरावांचे लाल कॅलिपर

स्नेहाने ज्ञानेशशी लग्न करायचं म्हणून सांगितलं, तेव्हा सिडकोतल्या त्या घरात उज्वलाबाईंना मुलीची काळजी वाटली नाही. ज्ञानेशची वाटली. कारण नवऱ्याला त्या ओळखून होत्या. वाल्मीकरावांनी उभा जन्म अंबडच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासण्यात घालवला होता. हजारो सरळ झाकणांतून एखादं वाकडं शोधायचं, एवढ्यासाठीच त्यांना पगार मिळायचा. रिटायर झाले, झाकणं सुटली, पण नजर काही सरळ झाली नाही. दूधवाला हसून बोलला की त्या दिवशी ते दूध दोनदा गाळून घ्यायचे.

आता असल्या माणसाचा जावई व्हायचं, आणि तेही गाड्यांचं गॅरेज चालवून. ज्ञानेशचं पाथर्डी फाट्यावर मोठं गॅरेज होतं. तरुण पोरं तिथे गाड्या सजवायला, वेगवान करायला न्यायची. वडील देवराम मखमलाबादला द्राक्षबागायतदार. स्नेहाने सगळं नीट सांगितलं. वाल्मीकरावांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, आधी माझी गाडी त्याच्याकडे टाकतो, मग बोलू.

गाडीचे ब्रेक बरेच दिवस करकर वाजत होते. पॅड झिजले होते, ते बदलायचे, एवढंच काम. वाल्मीकराव सकाळीच डबा घेऊन गॅरेजवर गेले आणि गाडीसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. प्रत्येक नट निघाला की मोबाइलवर फोटो. निघालेला प्रत्येक जुना भाग त्यांच्या पिशवीत. गॅरेजवाले जुने पार्ट विकतात, नाहीतर तेच घासून परत बसवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं, हे मात्र विचारू नका.

दुपारी ज्ञानेश अदबीने जवळ आला. म्हणाला, काका, नुसते पॅड बदलून भागणार नाही, कॅलिपरही गेलेत. कॅलिपर म्हणजे ब्रेकचा चिमटा. चाकामागे लोखंडी थाळी फिरते, तिला हा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅडने आवळतो आणि गाडी थांबते. वाल्मीकराव मनात म्हणाले, आलं, बिल वाढवायला आलं. पण पुढचं ऐकून ते खुर्चीतच सरळ झाले. ज्ञानेश रेसच्या गाड्यांना लावतात तसले भारी, लालभडक कॅलिपर बसवणार होता आणि त्याचा एक पैसा घेणार नव्हता.

"फुकट का?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"घरचंच काम आहे ना काका."

घरचंच! अजून होकार नाही, सुपारी नाही, आणि हा घरचा झालासुद्धा. मालात खोट असल्याशिवाय कोणी फुकट देत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. तरी त्यांनी कॅलिपर बसवू दिले. नाही म्हटलं असतं तर खोट सापडली कशी असती?

गाडी कॉलनीत आली ती चाकांतून लाल लाल डोळे वटारत. शेजारच्या नाथाभाऊंनी विचारलं, काय हो, या वयात शर्यतीला जाताय की काय? वाल्मीकरावांनी गाडी सरळ दारात लावली. ब्रेक तर झकास लागत होता, नुसता पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. हीच तर त्यांना शंकेची जागा वाटली. नवा माल पहिल्या दिवशी चांगलाच चालतो, पुढे बघू, असं ते उज्वलाबाईंना रात्री झोपेपर्यंत ऐकवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दसरा. घरोघरी गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालायचं काम चाललं होतं. गाडीची पूजा दरवर्षी उज्वलाबाई करायच्या. यंदा मात्र वाल्मीकरावांनी ताट हातातून काढून घेतलं. ज्या ब्रेकवर आपला काडीचा विश्वास नाही, त्याची पूजा तरी चोख व्हायला हवी, असा त्यांचा हिशोब. कोरडं कुंकू वाऱ्याने उडतं, म्हणून त्यांनी ते वाटीत तेल घालून चांगलं कालवलं. बॉनेटला एक बोट लावलं, स्टिअरिंगला एक. मग पुढच्या चाकांपाशी मांडी घालून बसले, आऱ्यांतून हात घातला, आणि त्या चकचकीत थाळ्यांवर दोन्ही बाजूंनी ठसठशीत स्वस्तिकं काढली. कॅलिपरला तर बोटं भरभरून माखलं. देवाची कृपा झाली तर इथेच व्हावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी सोनं द्यायला मखमलाबादला जायचं होतं. मुलाच्या घरी पहिल्यांदाच पाऊल पडणार, म्हणून स्नेहाने नवी साडी नेसली होती. आज दोन्ही घरं बोलतील आणि दिवाळीआधी साखरपुड्याचं नक्की होईल, असं तिच्या मनात होतं. कॉलनीच्या कोपऱ्यावरच वाल्मीकरावांच्या ध्यानात आलं, ब्रेक उशिरा लागतोय. दुसरा कोणी असता तर मागे फिरला असता. हे मात्र खुशीत आले. एक हात हँडब्रेकवर ठेवून, रिक्षांच्या आणि सायकलींच्या मागून, जवळजवळ चालण्याच्या वेगाने ते निघाले. मागच्या सीटवर उज्वलाबाई रामरक्षा पुटपुटत होत्या. काय झालंय म्हणून विचारलं तर म्हणाले, काही नाही, पुरावा गोळा करतोय.

पुरावा मखमलाबादला भरपूर मिळाला. देवरामांच्या अंगणात उतरायला सिमेंटचा उतार होता. वाल्मीकरावांनी ब्रेक दाबला, आणखी दाबला, मग हँडब्रेक ओढला. गाडी रांगोळीवरून सावकाश घसरत गेली आणि देवरामांच्या धुतलेल्या, हार घातलेल्या बुलेटला टेकून थांबली. बुलेट तुळशीवृंदावनावर गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या देवरामांच्या बायकोचे, नवसाबाईंचे, डोळे एवढे मोठे झाले की स्नेहाला पदरात तोंड लपवावंसं वाटलं.

वाल्मीकराव उतरले ते बोलतच उतरले. ब्रेक डुप्लिकेट आहेत, मला तेव्हाच वाटलं होतं, फुकटच्या मालाला हात लावायला नको होता, हा माणूस माझ्या लेकीला काय सांभाळणार. सगळ्या पाहुण्यांसमोर, हातात आपट्याची पानं धरून त्यांनी हे ऐकवलं.

ज्ञानेश चाकापाशी बसला. आऱ्यांतून बोट घालून थाळीवर फिरवलं, बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. क्षणभर त्याने वाल्मीकरावांकडे पाहिलं. मग उठला.

"चूक माझीच आहे काका," तो म्हणाला. "उद्या सगळं काढून नवीन बसवतो."

देवरामांचा चेहरा कॅलिपरपेक्षा लाल झाला. आधी त्यांनी मुलाला झापलं, मग वाल्मीकरावांकडे वळले. "पोरगं चुकलं आसंल. पन दसऱ्याच्या दिवशी माझ्या दारात येऊन त्याला चोर म्हनलेलं मला चालायचं नाय. ही सोयरिक होनार नाय."

गाडी तिथेच सोडून तिघं रिक्षाने परतले. स्नेहा घरी आली ती खोलीचं दार लावून बसली. उज्वलाबाईंनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं. वाल्मीकराव जिंकले होते, पण त्यांना चैन पडेना. माणूस इतक्या पटकन चूक कबूल करतो म्हणजे काय? आयुष्यभरात एकाही माणसाने झाकण वाकडं असल्याचं पहिल्या झटक्यात मान्य केलं नव्हतं. हा कबूल करतोय, म्हणजे याहून मोठं काहीतरी दडवतोय.

सकाळी ते पुन्हा पिशवी घेऊन गॅरेजवर हजर. ज्ञानेशने ओढून आणलेल्या गाडीच्या थाळ्या घासून स्वच्छ केल्या, नवे पॅड घातले. वाल्मीकरावांनी कालचे पॅड मागितले, तर तो चक्क टाळायला लागला. कशाला काका, तेलकट आहेत, हात घाण होतील, मीच टाकून देतो. बस, एवढं पुरे होतं. वाल्मीकरावांनी पॅड त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतले.

घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि भिंग घेऊन बसले. पॅडवर लालसर चिकट थर होता. म्हणजे जुन्या पॅडला रंग फासून नवा म्हणून खपवला होता, सापडली खोट. उज्वलाबाई पाण्याचा तांब्या घ्यायला आल्या, टेबलापाशी थबकल्या, वाकून वास घेतला. अबोला असल्यामुळे त्या भिंतीकडे बघून बोलल्या.

"समईतलं तिळाचं तेल आहे. वाटीभर कालवलं होतं काल. कुंकवाची डबी अजून भरायची आहे."

वाल्मीकराव पॅडकडे बघत राहिले. थाळीला तेल माखल्यावर चिमटा धरणार तरी कशाला? आपल्याच हाताने, मांडी घालून, स्वस्तिक काढून आपण गाडीचे ब्रेक घालवले. लाज वाटली, चांगलीच वाटली. पण लाजेच्या मागोमाग दुसरी गोष्ट सुचली आणि ते तसेच रिक्षा करून पाथर्डी फाट्यावर गेले.

"तुला काल वासावरूनच कळलं होतं," त्यांनी ज्ञानेशला सरळ विचारलं. "बोलला का नाहीस?"

ज्ञानेशने हातातलं फडकं खाली ठेवलं. "पप्पांना तुम्ही ओळखत नाही काका. तुम्ही पूजेत ब्रेकला तेल लावलंत हे त्यांना कळलं असतं, तर लग्नात, बारशात, प्रत्येक दसऱ्याला त्यांनी तेच सांगितलं असतं. स्नेहाला ते ऐकावं लागलं असतं. माझं काय, मला पप्पांच्या शिव्यांची सवय आहे."

वाल्मीकराव घरी आले. स्नेहाचं दार वाजवलं. ती बाहेर आली, डोळे सुजलेले. उज्वलाबाईही अबोला विसरून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मुलगा वाटतो तितका साधा नाही," वाल्मीकराव म्हणाले. "सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोलला आणि चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. असला माणूस बाहेर मोकळा सोडणं बरं नाही. घरातच आणून नजरेखाली ठेवावा लागेल."

स्नेहाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती हसली आणि पुन्हा रडकुंडीला आली. आता काय उपयोग, त्याचे पप्पा नाही म्हणालेत, असं ती म्हणाली. वाल्मीकरावांनी मोठा श्वास घेतला आणि देवरामांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःचं झाकण वाकडं असल्याचं सांगणार होते. त्यांनी सगळं सांगितलं. वाटी, तेल, कुंकू, स्वस्तिक, काही ठेवलं नाही. मुलाची काही चूक नाही, माझीच आहे, माफ करा, म्हणाले.

 पलीकडून देवरामांचा आवाज आला, हळू, जपून.

"पाव्हनं, आमचं पोरगं कबूल झालं व्हतं. प्रकरण मिटलं व्हतं. मंग तुम्ही सोताहून कशापायी सांगताय? लेकीत काय खोट हाय का? का घरात काय भानगड? हे मला काय सरळ वाटत नाय. उद्या मी सोता येऊन समदं बघनार."

"या," वाल्मीकराव म्हणाले. "सकाळीच या."

फोन ठेवताना त्यांचा चेहरा दसऱ्यापासून पहिल्यांदाच खुलला होता. घाबरलेल्या उज्वलाबाईंनी विचारलं, काय म्हणाले, नाहीच म्हणाले ना?

"अगं, उद्या येतायत आपल्याला तपासायला," वाल्मीकराव म्हणाले. "फार चांगली माणसं आहेत."