आधी नाव ठरू द्या

बाळांनो, एका जंगलात प्राण्यांनी मिळून एक कोश लिहायला घेतला. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडावं. पगार कुणालाच नव्हता. म्हणून तर सगळे जीव तोडून भांडत.

कोशात तळ्यावर एक लेख होता. साळिंदराने त्याला नाव दिलं 'जांभूळतळे'. काठावर जांभूळ होतं ना! दुपारी टिटवी आली. तिने ते बदलून 'म्हसतळे' केलं. म्हशी तिथेच डुंबत. संध्याकाळपर्यंत नाव एकोणीस वेळा बदललं.

मग प्रचालक बगळा आला. पानाला कुलूप लावायचा अधिकार त्याचा. त्याने ते लावलं.

"आधी नावावर एकमत करा," तो म्हणाला. "तोवर या पानाला कुणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात तळ्यातलं म्हातारं कासव धापा टाकत आलं.

"अरे, ओढ्याच्या तोंडाशी दरड कोसळलीय. तळ्यात पाणी येईना. लेखात दोन ओळी घाला, म्हणजे चौघं येतील, दगड हलवतील."

"कासवआजोबा, पान बंद आहे," बगळा म्हणाला. "शिवाय याला संदर्भ काय?"

"मी तिथेच राहतो की!"

"मग तर मुळीच नको. तुमचे हितसंबंध गुंतलेत."

कासव म्हशींकडे गेलं. म्हशींनी कोश उघडून पाहिला.

"आजोबा, यात तर 'बारमाही पाणी' लिहिलंय," त्या म्हणाल्या आणि रवंथ करू लागल्या.

बिचारं कासव! एकटंच दगड ढकलत बसलं. मला त्याची फार दया येते. पण मी पडलो गोष्ट सांगणारा.

इकडे चर्चा रंगली. साळिंदराने सोळा पुरावे आणले, टिटवीने सतरा. माकडाने 'जांभूळम्हसतळे' सुचवलं, तेव्हा दोघांनी मिळून त्याला हाकललं. मतं मोजायची नाहीत असा नियम होता, त्यामुळे कुणी हरतही नव्हतं.

दोन उन्हाळे गेले. तळ्यात आधी चिखल झाला, मग भेगा पडल्या. जांभूळ वाळलं. म्हशी दुसऱ्या रानात गेल्या. कासवाने दगडाला शेवटचा धक्का दिला, दगड हलला नाही, आणि ते कुणालाही न सांगता नदीच्या वाटेला लागलं.

"आता जांभूळ कुठंय?" टिटवीने विचारलं.

"आणि म्हशी तरी कुठंयत?" साळिंदर म्हणालं.

दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसली. त्याच दिवशी लेखाचं नाव एकमताने ठरलं: 'खड्डा'. बगळ्याने कुलूप काढलं आणि दोघांनाही शाबासकी दिली.

तात्पर्य: एकमत होतंच, मुलांनो. फक्त ज्याच्यावरून वाद आहे, ते संपेपर्यंत धीर धरावा.