पडली तिथून

शकुमावशी आहेर यांनी एकदा एका अनोळखी जोडप्याच्या मधोमध बसून आपला डाव खेळला. आमच्या गंगापूर रोडच्या बागेतला बाक. मुलगा नुकताच काहीतरी महत्त्वाचं बोलायला लागला होता. तेवढ्यात मावशींची निळी डिस्क दोघांच्या मध्ये येऊन पडली आणि पाठोपाठ मावशी आल्या. "सरक रे भाऊ. पडली तिथून खेळायचं असतं." बसल्या, नेम धरला, फेकली आणि चालू लागल्या. मुलाचं वाक्य बहुतेक अजून अर्धंच असेल.

डिस्क गोल्फ हा खेळ तसा साधा आहे. झाडांमधून साखळ्या लटकवलेल्या लोखंडी टोपल्या उभ्या आहेत. प्लॅस्टिकची चकती फेकत फेकत तिथवर न्यायची. कमी फेकींत आत टाकेल तो जिंकला. पण संध्याकाळी त्या बागेत पाय ठेवायला जागा नसते. मावशींनी देवळ्याच्या शाळेत आयुष्यभर पी. टी. शिकवली, ती शिट्टी अजून गळ्यात असते. ती वाजली की हास्यक्लबसुद्धा हसायचा थांबतो.

मी त्यांचा शेजारी, आणि रोज त्यांच्याकडून हरणारा गडी. एकदा माझी डिस्क कुत्र्यानं पळवली आणि नेऊन गटाराशी टाकली.

"टाकली तिथून," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, थोडी सूट द्या की!"

"सूट दुकानात मिळते. तीन झाले तुझे." दुसऱ्याच्या फेकी मोठ्यानं मोजण्यात त्यांना लय आनंद.

मावशी खेळतात मात्र दोघांचा डाव. निळी डिस्क त्यांची, लाल त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची. अर्धांगवायूनं काकांचा उजवा हात गेला, तेव्हापासून ते बागेसमोरच्या आपल्या खिडकीत बसून असतात. लोक बघतील म्हणून खाली उतरत नाहीत. निळी डिस्क टोपलीत अलगद जाते, लाल हटकून बोगनवेलीत. मग मावशी खिडकीकडे बघून ओरडतात, "तुमची परत हुकली हो!" काका डाव्या हातानं कपाळ बडवतात. ही बाई नवऱ्यालाही जिंकू देत नाही, असं मी घरी बायकोला म्हणालोसुद्धा.

परवा काका खाली आले. चाकाच्या खुर्चीत, वॉचमनला ढकलायला लावून, तणतणत. "आण ती इकडे! किती भिकार फेकतेस गं! वर्षभर बघतोय."

मी मावशींचा चेहरा बघितला, त्या गालातल्या गालात हसत होत्या. लाल डिस्क वर्षभर बोगनवेलीत का जात होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

काकांनी डाव्या हातानं डिस्क फेकली. ती खुर्चीपासून हातभर अंतरावर पडली. भेळवाल्याचा हात कांद्यावरच थांबला. डिस्क उचलून जरा पुढे ठेवावी म्हणून मी वाकलो.

"हात लावू नको!" मावशी कडाडल्या. "पडली तिथून." आणि त्यांनी खुर्ची हातभर पुढे ढकलली.

काका फेकत राहिले, मावशी ढकलत राहिल्या. हास्यक्लबनं बाजूला होऊन वाट दिली. टोपली तशी जवळच होती, पण तिथवर पोचेपर्यंत बागेतले दिवे लागले. शेवटी साखळ्या खळखळल्या.

"किती झाले?" काकांनी धापा टाकत विचारलं.

मावशी पदरानं शिट्टी पुसत होत्या.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी नाय मोजले."