चारशे बारा पानं वाचलेला माणूस

डावा गुडघा. चढताना एक आवाज, उतरताना दुसरा.

अक्षर मुंगीहून मोठं हवं, असं कायद्यात आलं. (नेमके शब्द वेगळे होते. मुंगी नव्हती.)

एकवीस माणसांचा छापखाना. बाविसावं मांजर, ते पटावर नाही.

तिसरा मजला. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही.

लाल शाईची पेनं, नऊ दिवसांत चार.

हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं. तो छापखान्यात प्रुफं तपासत असे, म्हणून सगळे त्याला प्रूफकाका म्हणत. गेली एकतीस वर्षं काकांनी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचलं होतं आणि त्यातलं त्यांना काहीही कळलं नव्हतं. हा त्यांचा दोष नव्हता, हे त्यांचं कसब होतं. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अर्थाच्या नादी लागलास की मेलास. मजकुरात रमलास की चूक नाकाखालून निघून जाते." तेव्हापासून काका रमले नाहीत. त्यांनी खुनाच्या कादंबऱ्या तपासल्या, खुनी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. पाककृतींचं पुस्तक तपासलं, भूक लागली नाही. एका प्रेमपत्रांच्या संग्रहावर तर त्यांनी एवढाच शेरा मारला होता : दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडावी.

आणि मग आरोग्य विम्याचा नवा कायदा आला.

त्याआधी कंपन्या पॉलिसीचं पुस्तक ज्या अक्षरात छापत, ते वाचायला भिंग लागे, आणि भिंगातून दिसलं तरी वाचावंसं वाटत नसे. आता ठरलं, अक्षर ठसठशीत हवं, वाक्यं सुटी हवीत आणि प्रत्येक ग्राहकाच्या हातात प्रत हवी. छत्तीस पानांचं पुस्तक फुगून चारशे बारा पानांचं झालं. एका मोठ्या विमा कंपनीचं काम छापखान्याला मिळालं आणि मालक दोन दिवस शीळ घालत फिरले.

काकांनी नऊ दिवसांत तो गठ्ठा दोनदा वाचला. दहाव्या दिवशी शेवटच्या पानावर सही केली, चष्मा पुसला आणि गठ्ठा मशीनमनकडे नेऊन दिला.

"काका, हे सगळं वाचलंत?"

"दोनदा."

"पहिल्या पानापासून?"

"मग काय, मधूनच?"

मशीनमनने यंत्र बंद केलं. इतक्या वर्षांत त्याने आपणहून यंत्र एकदाच बंद केलं होतं, मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा. त्याने हात पुसले, गठ्ठ्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं.

"विम्याचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," तो हळूच म्हणाला. "जरा असेच उभे राहा हं. बाकीच्यांना बोलावतो."

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीत पोचली. न्हाव्याने वस्तरा हवेत धरून काकांना वाट दिली. बस थांब्यावर लोक त्यांच्याकडे असे बघू लागले, जणू हा माणूस भरसमुद्रातून पोहून आत्ताच काठाला लागलाय आणि अजून त्याचे कपडे ओले आहेत. कोणी मोतीबिंदूचं विचारलं, कोणी मूतखड्याचं. काका खरं तेच सांगत, "आहे ना. पान दोनशे चार." लोक मान डोलावत. एवढा मोठा माणूस आणि बोलणं किती मोजकं!

घरी मात्र बायको गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. गुडघ्याने दगा दिल्यापासून चौदा महिने ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. जगाशी तिचा संबंध आता फक्त वरून होता.

"अहो, आज खालून जाणारे मला नमस्कार करतायत. काय करून ठेवलंत?"

"विम्याचं पुस्तक वाचलं."

"हो? मग माझ्या गुडघ्याचं काय म्हणतंय?"

काकांनी चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या.

"अहो, वाचलंत ना?"

"गुडघा सात ठिकाणी आहे. पान एकतीस, अठ्ठ्याऐंशीवर दोनदा, एकशे चाळीस, दोनशे सतरा, दोनशे नव्वद आणि चारशे एक."

"पण म्हणतंय काय?"

"ते... तसं बघितलं नाही."

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "लग्नाआधी मी तुम्हाला पत्रं लिहायची. तीही अशीच वाचलीत ना?"

"तुझ्या पत्रांत चुका नव्हत्या," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीने याहून मोठं कौतुक जगात नव्हतं. तिला हसू आलं, पण तिने ते तोंडावर येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. त्यांची शीळ बंद झाली होती. ज्या कायद्याने काम दिलं, त्याच कायद्याने डोक्यावर ओझंही ठेवलं होतं.

"काका, विसाच्या वर माणसं असली की त्यांच्या घरच्यांचाही विमा मालकाने काढायचा. वीस असली तर नाही. आपण एकवीस! एका डोक्यापायी एकवीस बिऱ्हाडं माझ्या गळ्यात!" त्यांनी आवाज खाली आणला. "तुमची दोनच वर्षं राहिलीत. घरून काम करा, पैसे तेच देतो. फक्त पटावर नको. तुम्ही तर सगळं वाचलंय. चालेल ना असं?"

ते एक डोकं त्यांचं होतं आणि बायकोचा गुडघा त्या एका डोक्यावर टेकला होता. हुज्जत घालणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती.

"एकवीस हा आकडा पान तीनशे सहावर आहे," ते म्हणाले. "डावीकडे. ठळक टाइपात."

मालकांनी पान उघडलं. वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. कायदा आल्यापासून वर्षभराच्या आत पटावरचा एकविसावा माणूस कमी केला, तर तो आहेच असं धरावं आणि वर मालकाला दंड करावा, असं तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं.

"वा, काका," मालक म्हणाले. "आवाज नाही, आदळआपट नाही. नुसता पानाचा आकडा. मला आजपर्यंत अशी धमकी कोणी दिली नव्हती."

"धमकी? अहो, मी फक्त..."

"बसा, बसा. चहा सांगतो."

त्याच दिवशी एकवीस बिऱ्हाडांची नावं विमा कंपनीकडे गेली. इस्पितळाने गुडघा बदलायची तारीख दिली, गुरुवारची. ती चुकली तर पुढची पाच महिन्यांनी. आणि मंगळवारी सकाळी कंपनीचं पत्र आलं. गुडघा जुना, नाव नवं, तीन वर्षं थांबा.

बायकोने पत्राची बारीक घडी घातली. "तीन वर्षं. म्हणजे तोवर लिफ्ट तरी बसेल." मग तिने ते चारशे बारा पानी पुस्तक उचलून काकांच्या हातात ठेवलं. "जा घेऊन. आणि एकदा, माझ्यासाठी, अर्थ बघा."

काकांनी बसमध्ये मनापासून प्रयत्न केला. पान दोनशे सतरा उघडलं. पहिली ओळ कळली. दुसरी कळली. तिसऱ्या ओळीत एका अक्षराची शाई फिकी लागलेली दिसली आणि अर्थ जो उडाला तो परत आला नाही.

कंपनीच्या दावा विभागात सहा टेबलं होती. ज्यांच्या सहीने पत्र आलं होतं ते अधिकारी तिसऱ्या टेबलाशी बसले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता.

"नियम आहे, काका. मी काय करणार?"

"कुठे आहे?"

"पुस्तकात."

"कुठल्या पानावर?" काकांनी विचारलं. यात खोच नव्हती, त्यांना खरोखरच पान हवं होतं.

अधिकाऱ्यांनी टेबलावर पुस्तक शोधलं. ते कॉम्प्युटरच्या पडद्याखाली होतं, पडदा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून. प्लास्टिकचं वेष्टनही काढलेलं नव्हतं.

"मी तपासलंय हे," काका संकोचून म्हणाले.

"कितपत?"

"सगळं. दोनदा."

खोलीतला टायपिंगचा आवाज एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत विझत गेला. मागच्या टेबलावरच्या बाई उठून उभ्या राहिल्या. "काका, दातांचं आहे का हो यात? रोज दहा जण विचारतात."

"पान एकशे सहासष्ट. डावीकडे, खालून चौथी ओळ."

बाईंनी आपल्या प्रतीचं वेष्टन फाडलं, पानं उलटली आणि बोट ठेवलं. "अगंबाई! आहे!"

"आणि चष्मा?" कोपऱ्यातून कोणी विचारलं.

"चष्मा हा शब्द पुस्तकात नाही."

चारशे बारा पानांत एक शब्द नाही, हे छातीठोक सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. एकाने नकळत खुर्ची पुढे सरकवली, दुसऱ्याने पंखा त्यांच्याकडे वळवला.

अधिकाऱ्यांनी पडदा उचलून बाजूला ठेवला. "गुडघा सांगा, काका."

काकांनी सातही जागा सांगितल्या. अधिकारी एकेक उघडत गेले. एकतीसवर व्याख्या. अठ्ठ्याऐंशीवर मालिश आणि व्यायाम. एकशे चाळीसवर खेळातली दुखापत. दोनशे सतरावर त्यांचं बोट चालायचं थांबलं. ते सावकाश, शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचू लागले.

"गुडघा, कंबर किंवा अन्य कोणतंही जुनं दुखणं असलं, तरी कर्मचाऱ्याने विम्यात घालवलेली वर्षं ही त्याच्या जोडीदाराचीही वर्षं धरावीत." त्यांनी मान वर केली. "तुमचा विमा छापखान्याने कधी काढला?"

"सहा वर्षं झाली."

"म्हणजे बाईंचीही सहा झाली. थांबायचा प्रश्नच नाही."

काका पुस्तकाकडे बघत राहिले. हे वाक्य दोनदा त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. दोनदा त्यांचं लाल पेन त्यावर घटकाभर टेकलं होतं. आणि त्यात हे होतं? असल्या जाड, कोरड्या पुस्तकात कुणीतरी बसून असं लिहून ठेवलं होतं? एकतीस वर्षांत हाताखालून गेलेली सगळी पुस्तकं त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांतही काय काय असेल या विचाराने त्यांना किंचित गरगरलं.

"खरंच असं लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तर पान सांगितलंत!"

"पान माहीत होतं हो."

अधिकाऱ्यांनी मंजुरीच्या कागदावर शिक्का मारला. मारला आणि हात तसाच राहिला. चेहऱ्याचा रंग उतरला.

"काय झालं?"

"गेल्या आठवड्यात अशाच एका बाईंना मी नाही म्हणून कळवलं. नवऱ्याची वर्षं मोजलीच नाहीत."

"मग आता हो म्हणून कळवा."

"सासूबाई आहेत त्या माझ्या." त्यांनी घाम पुसला. "घरात तीन दिवस कोणी माझ्याशी बोलत नाहीये. काका, एक विचारू? यात माफी कशी मागायची ते आहे का?"

काकांनी डोळे मिटून पुस्तक नजरेपुढे आणलं. "क्षमस्व एकदाच आहे. पहिल्या कोऱ्या पानाच्या मागे, अगदी खाली. पण अक्षर फार लहान आहे हो."

घरी तीन मजले काकांनी न थांबता चढले. बायको दारातच भिंतीला धरून उभी होती.

"काय लिहिलंय?"

काकांनी कागद तिला दिला नाही. स्वतःच समोर धरला आणि घसा साफ केला. "मंजूर. गुरुवारी सकाळी साडेसातला हजर राहायचं. उपाशीपोटी. सोबत एक जबाबदार माणूस हवा." ते थांबले. "तो मी असेन."

"असंही लिहिलंय?"

"नाही. ते मी घातलं."

तिने कागद त्यांच्या हातातून घेतला, वरपासून खालपर्यंत स्वतः वाचला आणि उघड्या दारातून खाली जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं.

कॉलेजात असताना आठशे मीटरच्या शर्यतीत ती तिसरी आली होती.