इंगळे बाबूंचं ‘इथं दाबा’

आमचे इंगळे बाबू पुतण्यासाठी मुलगी पाहायला नांदुऱ्याला गेले आणि मुलीपेक्षा तिच्या वडिलांचा कॉम्प्युटरच जास्त वेळ पाहून आले. पोहे निवले, पण बाबूंनी उठायच्या आधी त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक शॉर्टकट करून ठेवला. त्यावर दाबलं की प्रिंटर जोडायची विंडो थेट उघडते. सोयरीक जमली. ती शॉर्टकटमुळेच जमली, असं बाबूंचं आजही मत आहे.

बाबू म्हणजे आमच्या अमडापूरच्या शाळेतले क्लार्क. शाळेत प्रिंटर एक, कॉम्प्युटर सहा. लाइट जाऊन आली की कुठल्या तरी कॉम्प्युटरवरून प्रिंटर दिसेनासा व्हायचा आणि बाबूंना हाक जायची. निवृत्तीला वर्ष उरलं तसं त्यांनी मनावर घेतलं, आपल्यामागं कुणाचं अडायला नको, एकेका कॉम्प्युटरवर हा शॉर्टकट करून द्यायचा. खिशातल्या डायरीत एक लांबलचक इंग्रजी ओळ लिहिलेली होती. ती मोठ्यानं वाचत, एका बोटानं टाइप करायची. “कॉमा चुकला का काम गेलं,” हे मधूनमधून. मग शॉर्टकटला नाव द्यायचं. साधंसुधं नाव बाबूंना चालायचं नाही. मुख्याध्यापकांच्या पडद्यावर ‘साहेब, इथं दाबा’, लायब्ररीत ‘घाबरू नका, इथं दाबा’. एकदा तापानं फणफणून दवाखान्यात गेले, तर तिथल्या नर्सबाईंनाही ‘ताई, इथं दाबा’ करून देऊन आले.

फक्त माझ्या कॉम्प्युटरवर काही नाही. परीक्षेचं काम माझ्याकडे, सगळ्यात जास्त कागद माझे.

“बाबू, माझंच काऊन राह्यलं?”

“तुमचं उद्या करतो ना, मॅडम.”

हा उद्या वर्षभर चालला. मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलून घेतलं. शेवटी सत्काराची शाल आणि नारळ घेऊन बाबू घरी गेले, माझा शॉर्टकट राहिला तो राहिलाच.

पंधरा दिवसांनी, नेमकं प्रश्नपत्रिका छापायच्या सकाळी माझ्या कॉम्प्युटरवरून प्रिंटर गायब. मी बाबूंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“निंगालोच.”

दहा मिनिटांत इस्त्रीचा शर्ट घालून हजर. प्रिंटर अर्ध्या मिनिटात जोडला, चहा मात्र तासभर घेतला. साहेबांची गुडघेदुखी, लायब्ररीतलं मोडकं कपाट, सगळ्यांची चौकशी झाली. मग कपात पाहत म्हणाले, “साऱ्याइले करून देल्लं, मॅडम. आता कोनी फोनच करत नाही. घरी तं भिंतीसंग बोलून राह्यलो.”

बाबूंच्या पत्नीला, आमच्या काकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी सासरी. मी वर्षभर मनात काय काय बोलले होते, त्याची लाज वाटली.

बाबूंनी डायरी काढली. “पन आज तुमचं काम अडलं. हे बरं नाही झालं. आता करूनच देतो.” पान उघडलं, बोट पहिल्या अक्षरावर नेलं आणि तसंच ठेवून बसले.

“राहू द्या, बाबू,” मी म्हटलं. “उद्या करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सावकाश डायरी मिटून खिशात ठेवली.

“हाव. मंग उद्या अकराले येऊ, का साडेदहाले?”