गाव बहिरं आहे, सर

दहाला परेड होती आणि कॉर्पोरल स्ट्राउडचा एकुलता एक चांगला गणवेश आमच्या गावच्या मिस युडोराकडे धुवायला दिलेला होता. साल बेचाळीस, अँटिग्वातली अमेरिकन छावणी. त्या दिवशी खुद्द कर्नल त्याच्या बाहीवर सार्जंटची तिसरी फीत लावणार होते. स्ट्राउडने आईला पत्राने तसं आधीच कळवूनही टाकलं होतं.

सव्वानऊला त्याने मिस युडोराच्या दारात जीप थांबवली. "माझा युनिफॉर्म कुठाय?"

मिस युडोरा कोळशाची इस्त्री फिरवत राहिली. आमच्याकडे दारात आलेला माणूस, मग तो गव्हर्नर असो की कोंबडीचोर, आधी गुड मॉर्निंग म्हणतो. जो म्हणत नाही तो आलेलाच नसतो. छावणीत मच्छरदाणी कशी लावायची यावर व्याख्यानं होत. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"बाई, युनिफॉर्म!"

"झिल्फा," मिस युडोराने कुंपणापलीकडच्या शेजारणीला विचारलं, "कुणी काही बोललं का गं?"

"छे. वारा सुटलाय."

"तरीच घरात धूळ आली."

आमची बोली स्ट्राउडला कळत नसे. बहिरी माणसं अशीच पुटपुटतात, असं त्याने ठरवलं. गणवेश समोरच खिळ्याला लटकत होता, पण मध्ये मिस युडोरा होती आणि तिच्या हातात तापलेली इस्त्री होती. तो तडक चौकीवर गेला आणि हवालदार लूबींवर ओरडला, "त्या बाईकडून माझे कपडे काढून द्या." लूबी शांतपणे बटणं घासत राहिले. वाटेत पाववाल्याला हाक मारली, तर त्यानेही मान वर केली नाही. तोवर पावणेदहा झाले होते.

स्ट्राउड परेडला उभा राहिला तो तेलकट अर्ध्या चड्डीत आणि बनियनवर.

"कपडे कुठायत?" कर्नलनी विचारलं.

"सर, गाव बहिरं आहे."

"सगळं?"

"पोलिसासकट, सर."

कर्नल गंभीर झाले. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. "मग हल्ल्याचा भोंगा ऐकणार कोण?" त्यांनी फीत खिशात टाकली आणि छावणीचे डॉक्टर, कॅप्टन व्हिटलो, यांना गावाचे कान तपासायला धाडलं.

व्हिटलो खेड्यात आजीच्या हाताखाली वाढलेले. त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच टोपी काढली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "गुड मॉर्निंग."

अख्खी गल्ली उत्तरली. हवालदार लूबी तर चौकीतून उठून आले. डॉक्टरांना खुर्ची मिळाली, केळीच्या पानात उकडलेला रताळ्याचा गरम, गोड डुकाना मिळाला. मिस युडोराने त्यांच्या आजीचे गुडघे कसे आहेत, हेही विचारून घेतलं.

छावणीत परतल्यावर त्यांनी स्ट्राउडला बोलावलं. "तिथे गेल्यावर तू काय म्हणालास?"

"युनिफॉर्म कुठाय."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी जीप बंद केली."

व्हिटलोंनी अहवाल लिहिला: गावाचे कान ठणठणीत आहेत, कॉर्पोरलचे तपासावेत. स्ट्राउडला गावात जायची बंदी झाली आणि आठवड्याने त्याची बदली झाली, कॉर्पोरल म्हणूनच. युद्ध संपलं तरी ती फीत काही त्याला मिळाली नाही. बेटाच्या आठवणी मात्र त्याने घरी चाळीस वर्षं सांगितल्या, आणि प्रत्येक आठवणीत आमचं गाव बहिरं होतं.

परवा तो पुन्हा आला. पोट सुटलेलं, बरोबर बायको मार्जोरी. मिस युडोराच्या दारात उभं राहून तो ओरडला, "ओळखलंत का मला?"

मिस युडोरा शेंगा सोलत राहिली.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "सांगत होतो ना?"

मार्जोरी त्याच्या मागून पुढे आली. "गुड मॉर्निंग."

"गुड मॉर्निंग, पोरी. ये, बस." मिस युडोरा उठली आणि तिने पेटीतून घडी केलेला गणवेश आणून मार्जोरीच्या हातात ठेवला. "दर नाताळात इस्त्री करतेय. मालकाने कधी धड मागितलाच नाही."

गणवेश पाहून स्ट्राउडचे डोळे भरून आले. "बघितलंस? ऐकू यायला लागलं हिला. आमच्या डॉक्टरने तेव्हा नक्की औषध दिलं असणार."

मिस युडोराने कुंपणाकडे मान वळवली. "झिल्फा, पुन्हा वारा सुटलाय का गं?"